ओरडायचं काम

—नाही हो बाई, घसा ठणठणीत आहे माझा. खेळ चालू असताना हळू बोलावं म्हणून कुजबुजते आहे, इतकंच. तुम्ही आधी ते पदराचं टोक चावायचं थांबवा बघू! पहिल्यांदाच पाहताय वाटतं? तरीच. पुढून काच लावलेल्या पेटीत माणूस, हातात बेड्या, पायात साखळी, झाकणाला कुलूप आणि डोक्याच्या वर पाणी — घाबरायला होतंच. पण आता तो आतून काचेवर तळहात आपटतो आहे ना, ते खोटं. रोजचंच. लोकांचा जीव टांगणीला लागावा म्हणून आपटतो. श्वास कोंडण्यात पटाईत आहे तो. मला कसं ठाऊक? अहो, जावई माझा! — श्श, मोठ्यानं नको. मी म्हणजे तिकीट काढून आलेली कुणी एक म्हातारी, असं ठरलेलं आहे. आणि बाजूला चकचकीत झगा घालून हसत उभी आहे ना, ती माझी लेक. तिनंसुद्धा मला ओळख द्यायची नाही.

मग मी इथे कशाला? ओरडायला. हसू नका, कामच आहे ते माझं. लग्न ठरलं त्या दिवशीच म्हणाला होता मेला — सासूबाई, तुमचा आवाज म्हणजे कारखान्याचा भोंगा! पुढे त्याच भोंग्याला कामाला जुंपलं. त्या काळ्या पडद्याआड एक दाढीवाला कुऱ्हाड घेऊन उभा आहे, वेळ आली तर काच फोडायला. कुऱ्हाड लोकांना दिसली तर वाचवायची सोय आहे हे कळणार, मग बघायला येणार कोण? म्हणून तो आड — आणि तिथून त्याला पेटीची नुसती लाकडी पाठ दिसते. पुढचं बघायचं मी. आपटणं थांबलं आणि यानं कपाळ काचेला टेकवलं, की समजायचं खरंच अडकला. मग मी उठून किंचाळायचं आणि दाढीवाल्यानं धावायचं. लोकांना काय, एक म्हातारी घाबरली, खेळ थांबला. याची अब्रू शाबूत. दुसऱ्या कुणाच्या ओरडण्याला, अगदी लेकीच्यासुद्धा, दाढीवाला हलायचा नाही. ओरडतं तर रोज अर्धं थिएटर.

सुटतो कसा? सांगू नये, पण सांगते — चड्डीच्या नेफ्यात तार असते, बोटाएवढी. मीच शिवते. एकच कच्चा टाका. नखानं ओढला की तार हातात, आणि तारेनं बेडी उघडते. आज जरा — डोळ्यांना दिसत नाही हो आताशा — आज पक्का पडला असेल. दुहेरी दोऱ्याचा.

सकाळी मन थाऱ्यावर नव्हतं, त्याला मी काय करू? त्यांच्याकडे गेले, तर हा ट्रंकेवर बसून संत्रं सोलतोय. आणि ट्रंकेतून ठकठक, ठकठक. लेक आत! उलटून बोलली म्हणे, म्हणून कोंडली. 'सराव' म्हणतो त्याला. आजचंच नाही ते — हल्ली ती बाथरूमचं दार लावून घेत नाही, कुठे कडी वाजली तरी दचकते. मी म्हटलं, अहो उघडा, गुदमरेल ती! तर माझ्यापुढे फोड धरून म्हणतो, "घ्या सासूबाई, गोड आहे. तिचं ठोकणं खोटं आहे हो. खरं असलं की मला कळतं ना." सबंध संत्रं खाल्लं. बिया झाकणावर थुंकल्या.

काय म्हणालात? आपटणं थांबलं? हो, थांबलं खरं. आणि कपाळ — टेकवलं की! बघून घ्या, जन्मात कुणापुढे वाकलं नाही ते. — अहो बसा, बसा खाली, हात नाही सोडायची मी तुमचा. खोटं आहे हो ते. खरं असलं की मला कळतं ना.

लेक इकडेच बघतेय. हसू गेलं तिचं. ओठ बघा — आई, आई — वेडी कुठली! अजून त्याच्यासाठीच. ट्रंकेतून निघाली तेव्हासुद्धा त्याच्याच गळ्यात पडून रडली, मी शेजारी उभी होते ते दिसलंही नाही तिला. आता बरी दिसले.

तुम्ही ओरडताय? ओरडा, खुशाल ओरडा. दाढीवाला ओळखतो तो आवाज तुमचा नव्हे. मी? मी कशी ओरडू हो बाई — सकाळपासून घसा बसलाय माझा.