धाकटीच्या गोळ्या

—नाही, चहाबिहा ठेवणार नाही मी. बसायचं तर ते कापड सरकवून बसा, गणवेश उद्या द्यायचेत. आणि आवाज बेताचा ठेवा, मोठी आत पडलीय. हं, काय म्हणत होतात? धाकटीच्या रक्तात औषध कमी दिसतं? मग यंत्र तपासा तुमचं! गोळी चुकवत नाही ती—उठली की माझ्यासमोर गिळते. रिकाम्या पट्ट्या दर खेपेला तुम्हीच परत घेता ना? मग? माझ्या लेकीला खोटं पाडायला एवढे जिने चढून आलात?

संशोधन, संशोधन... माहितीय. तुमचे मोठे डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले—मावशी, हे औषध पास झालं की जगभरच्या बायकांना मिळेल, गरिबातल्या गरीबसुद्धा वाचतील. मिळू दे की! मी कशाला जगाच्या आड येऊ? पण त्या जगात माझी मोठी धरलीय का नाही? आजार तोच, आईबाप तेच. पण तिला आधी दुसरं औषध देऊन झालं होतं—तेही तुमच्याच दवाखान्यात—म्हणून ती नियमात बसत नाही! तुमच्याच दारात उभी होती हो, धाकटीची पिशवी धरून. तुम्ही देणार नाही, आणि घरातलं घरात वाटून घेतलं तर चौकशीला माणूस धाडणार—आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना!

काय? वाटून घेतलं, असं मी म्हटलं?

बरं, म्हटलं. बघता काय अशा? कापते मी गोळी. ब्लेडनं. जन्म गेला कापड कापण्यात, एक कण सांडत नाही माझ्या हातून. अर्धी हिला, अर्धी तिला. धाकटीनंच पुढं केली पहिल्यांदा—आई, ताईला दे, म्हणाली. काय सांगायला हवं होतं मी? नको, तू एकटीच जग? तुम्हाला आहेत दोन मुली? नाहीत ना? मग शिकवू नका मला.

नापास होईल? चांगलं औषध, आणि अशा चार घरांपायी नापास? होऊ दे! माझं काय जातंय—आणि हे पिशवीतून कसले फोटो काढताय? मला नाही कळत त्यातलं. हा डाग म्हणजे गाठ, बरं. हा मागचा, हा आत्ताचा... हा मोठा का दिसतोय? धाकटीचा आहे हा?

म्हणजे अर्धीनं... दोघींनाही गुण नाही?

उठा. उठा म्हणते ना! आख्खी गोळी धाकटीलाच द्या, हे मला कशाला सांगताय? मोठी आतच आहे, जागीही झाली असेल. जा, तुम्हीच सांगा तिला.

नाही ना जाववत? मग निघा.