जनुक परत घातल्यावर

– अहो, बसा हो तोयामाकाका, जिवाणू कुठे पळून जात नाहीत. बाटली तयार आहे, ती बघा निळ्या झाकणाची – आधी चहा घ्या. मच्छीमार सोसायटीच्या टाकीत ऐंशी प्रवाळं वाट बघतायत, ठाऊक आहे मला. गेल्या उन्हाळ्यात समुद्र तापला आणि हजारांतली तेवढीच वाचली, तेही ठाऊक आहे. म्हणून तर बोलतेय. मी काय केलं, सांगू? प्रवाळावर राहणाऱ्या जिवाणूचं एकेक जनुक काढायचं आणि काय बिघडतं ते बघायचं – घरातला एकेक फ्यूज काढून बघावा तसं. सहा वर्षं! लोकांची पोरं शाळेत जायला लागली, मी आपली फ्यूज काढतेय. एक जनुक काढलं, तो जिवाणू प्रवाळावर सोडला, आणि गरम पाण्यात प्रवाळ पांढरंफटक! सापडलं म्हटलं. लगेच तेच जनुक दुप्पट घातलेला जिवाणू बनवला – तुमची ही बाटली. नाहा शहरातल्या पेपरात फोटो आला, दात केवढे दिसतायत माझे! आईनं कात्रण थेट देव्हाऱ्यात, गेलेल्या बाबांच्या नावाच्या पाटीपुढे ठेवलं. उदबत्ती लावून सांगितलं त्यांना – पोरीनं तुमची प्रवाळं वाचवली. काका, तुमच्याच बोटीवर जन्म गेला ना बाबांचा.

काय? हो हो, येते मुद्द्यावर. एक चाचणी असते – काढलेलं जनुक परत घालायचं. प्रवाळ सावरलं, तर फ्यूज तोच. पहिल्या वर्षाच्या पोरांना घसा फोडून शिकवते मी हे. आणि स्वतः कधी केली? फोटो छापून आल्यावर! परवा निकाल आला. जनुक परत घातलं, तरी प्रवाळ पांढरंच. म्हणजे काढताना माझ्या हातून दुसरंच काहीतरी तुटलं होतं, आणि मी दात काढून फोटोला उभी. आता या बाटलीनं नुकसान होईलच असं नाही – होणार नाही असंही नाही – बघा, अजून सारवासारव चाललीय माझी! मघाशी तुम्ही आलात ना, तेव्हा म्हणणारच होते, घेऊन जा. खरंच म्हणणार होते. लाज वाटते काका.

असे बघू नका. ऐंशीच उरलीत ना? मग नाही देत बाटली. सोसायटीत सांगा, तुमच्या बोटीवरच्या चिनेनची पोरगी चुकली. आईला मी सांगेन. आणि बाबांना... देव्हाऱ्यात सांगितलेलं परत कसं घेतात हो?

बरं, राहू दे. बाटलीसाठी आणलेल्या त्या बर्फात आता मासळी भरा. निघा आता.