नऊ-दहाची बायकांची ट्राम

(कलकत्ता, १९७४. बागबाजारातल्या खांबेट्यांच्या घरी रविवारची सकाळ. सासरे येरझाऱ्या घालत अर्जाचा मजकूर सांगताहेत, सून टाइप करते आहे, सासू मटार सोलते आहे.)

श्यामकांत : 'आय हॅव द ऑनर टू स्टेट' झालं?

लीना : झालं, बाबा. स्टेटवर थांबलेय.

श्यामकांत : कार्बन किती लावलेस?

लीना : तीन.

श्यामकांत : पाच लाव. एक प्रत राज्यपालांना जाऊ दे.

प्रेमलता : त्यांना कशाला? ते काय ट्रामनं जातात?

श्यामकांत : तू मटार सोल. छत्तीस वर्षं ऑडिटमध्ये काढली मी. अर्ज वरपर्यंत गेला की खालचे जागे होतात.

प्रेमलता : नळाच्या पाण्याचा अर्जही वरपर्यंत गेला होता. मी अजून खालून बादल्या आणतेय.

श्यामकांत : ते वेगळं. हे आजच्या पेपरात आलंय. आपल्या बागबाजारहून डलहौसीला जाणारी बायकांची ट्राम कायमची बंद. उद्यापासून ही ऑफिसला जाणार कशी? लीना, नोकरी धरलीस तेव्हा काय ठरलं होतं?

लीना : बायकांच्या ट्रामनं जायचं आणि बायकांच्याच ट्रामनं यायचं.

श्यामकांत : आणि नाहीतर?

लीना : नाहीतर नोकरी सोडायची.

श्यामकांत : चारुदत्तासमोर ठरलं होतं. तो तिकडे दुर्गापूरला कारखान्यात, इकडे बायकोची जबाबदारी माझ्यावर. तेव्हा हा अर्ज तुझ्याचसाठी चाललाय हे लक्षात ठेव. ट्राम राहिली तर नोकरी राहील.

लीना : म्हणून तर सकाळपासून बडवतेय, बाबा.

श्यामकांत : आता आकडे घालू. नुसती रड कोणी वाचत नाही. गाडी थांब्यावर किती वाजता येते?

लीना : नऊ-दहाला.

श्यामकांत : रोज?

लीना : रोज नऊ-दहाला.

श्यामकांत : या शहरात लोडशेडिंग झालं की रस्त्यातल्या रस्त्यात ट्रामी बसकण मारतात, आणि तुझी एकटी घड्याळ बघून येते?

लीना : कधीकधी नऊ-बारा होतात.

श्यामकांत : मग तसं सांग. टाइप कर, नऊ-दहा ते नऊ-बारा. आत बायका किती असतात?

लीना : चाळीस असतील.

प्रेमलता : पन्नास लिही गं.

श्यामकांत : तुला काय माहीत?

प्रेमलता : अंदाज हो. चाळीस म्हटलं तर म्हणतील, हातरिक्षानं पाठवा.

श्यामकांत : अंदाज चालत नाही. कंडक्टरचं नाव सांग. साक्षीला लागेल.

लीना : घोषबाबू.

श्यामकांत : संक्रांतीच्या दिवशी तू मंडलबाबू म्हणाली होतीस. कानाला मफलर गुंडाळणारे. तू त्यांना तिळगूळ नेला होतास.

लीना : त्यांची बदली झाली.

श्यामकांत : कुठे?

लीना : दुसऱ्या ट्रामवर.

प्रेमलता : अहो, तुम्ही अर्ज करताय की पोरीची उलटतपासणी?

श्यामकांत : अर्जात एक चूक सापडली की सगळा अर्ज बाद होतो. तो पेपर दे इकडे, बातमीचा संदर्भ घालायचाय. चष्मा कुठेय? हं. 'प्रवाशांच्या माहितीसाठी... गाड्यांच्या कमतरतेमुळे पूजेच्या सुट्टीपासून स्थगित असलेली महिलांची सकाळची व संध्याकाळची खास ट्राम आता कायमची...' पूजेच्या सुट्टीपासून?

प्रेमलता : छापतात काहीही.

श्यामकांत : पूजा ऑक्टोबरात झाली. आता फेब्रुवारी चालू आहे. चार महिने ही ट्राम रुळावरच नाही.

प्रेमलता : लीना, चहा टाकतेस?

श्यामकांत : चहा नको! तू रोज सकाळी नऊला डबा घेऊन खाली उतरतेस. मी गॅलरीतून बघतो. कुठे जातेस?

लीना : ऑफिसात, बाबा. डबा घेऊन आणखी कुठे जाणार?

श्यामकांत : कशी जातेस?

लीना : साध्या ट्रामनं. नाही मिळाली तर बसनं. एकदा काहीच मिळालं नाही तेव्हा चितपूर रोडनं चालत.

श्यामकांत : पुरुषांच्या ट्रामनं!

लीना : ती सगळ्यांची असते, बाबा. पुरुष फक्त जास्त जागा खातात.

श्यामकांत : वर तोंड करून बोलतेस? आत तरी उभी असतेस ना?

लीना : बहुतेक.

श्यामकांत : बहुतेक म्हणजे?

लीना : पूर्वी दहा मिनिटांनी एक यायची, आता अर्ध्या तासानं येते. तिघींची माणसं एकीत कोंबायची म्हटल्यावर थोडी बाहेर उरतात. दोन-तीनदा मी उरले.

श्यामकांत : पायरीवर लोंबकळत? खांबेट्यांची सून?

लीना : पायरीवर कोणी आडनाव विचारत नाही.

प्रेमलता : तरीच! ती चप्पल! कुत्र्यानं पळवली म्हणालीस ती.

लीना : कुत्र्यानं नाही, आई. गर्दीत पायातून निघाली आणि ट्राम सुटली. दिवसभर ऑफिसात एका पायावर पाय ठेवून बसले होते.

श्यामकांत : तू मला फसवलंस.

लीना : हो, फसवलं. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतंत. मला घरी नव्हतं बसायचं.

श्यामकांत : बास. तो अर्ज काढ त्या मशीनमधून. कोरा कागद लाव. घे, 'आय बेग टू टेंडर माय रेझिग्नेशन'.

प्रेमलता : अहो!

श्यामकांत : मध्ये बोलू नकोस. ठरलं ते ठरलं. घेतलंस?

लीना : घेतलं. पुढे कारण काय घालू? कारण घालावं लागतं.

श्यामकांत : घाल, ट्राम बंद झाल्यामुळे.

लीना : साहेब विचारतील, ट्राम पूजेपासून बंद आहे, मग चार महिने हजेरीपटावर सही कोण करत होतं?

श्यामकांत : सही वेळेवर होत होती?

लीना : एकदाही लेट मार्क नाही.

श्यामकांत : चार महिन्यांत एकदाही नाही?

लीना : चालत गेले त्या दिवशीसुद्धा नाही. आमच्या सेक्शनला जन्मापासून या शहरात राहणारे बाबू आहेत, ते अकराला येतात आणि ट्रामच्या नावानं अर्धा तास खडे फोडतात. साहेबांनी माझं उदाहरण दिलं त्यांना. पुढच्या महिन्यात मला कायम करणार आहेत, बाबा. तुमच्या या कागदावर मी सही केली तर दीड वर्षाचं सगळं पाण्यात जाईल. आणि रोज कोपरं मारून चढलेय मी, फुकट बसून गेलेले नाही.

श्यामकांत : कोपरं मारून?

लीना : कोपरं आणि डबा. डबा जास्त लागतो. कडीचा आहे.

श्यामकांत : ऐकलंस? ऐकलंस हिचं बोलणं?

प्रेमलता : ऐकलं. हिचा राजीनामा झाला की त्याच मशीनवर माझाही टाइप करून घ्या.

श्यामकांत : तुझा कसला राजीनामा?

प्रेमलता : मीही जाते त्या ट्रामनं. दर बुधवारी दुपारी.

श्यामकांत : बुधवारी तू भजनाला जातेस.

प्रेमलता : भजन नाताळातच मोडलं. पेटी वाजवणाऱ्या श्यामलाबाई राहतात त्या बाजूची बस बंद केली, मग त्या यायच्या बंद झाल्या. पेटीशिवाय आमचे गळे आमच्याच कानांना सोसेनात.

श्यामकांत : मग दोन महिने टाळ घेऊन कुठे जातेस?

प्रेमलता : एस्प्लनेडला. मॅटिनीला.

श्यामकांत : टाळ घेऊन?

प्रेमलता : घरातून निघताना हातात काही हवं ना. टाळ पिशवीत, पिशवी मांडीवर. पडद्यावर मारामारी आली की घट्ट धरून बसते, नाहीतर वाजतात.

लीना : आई, तुम्ही मला म्हणालात की भजन गल्लीतच असतं, पायी जाऊन येते!

प्रेमलता : आणि तू मला कुत्रा म्हणालीस.

श्यामकांत : म्हणजे या घरात खरं बोलणारा मी एकटाच उरलो.

प्रेमलता : तुम्ही? तुम्ही शेवटचे घराबाहेर कधी पडलात, ते सांगा बघू खरं.

श्यामकांत : मला इथे कामं थोडी आहेत का?

प्रेमलता : दर रविवारी हाजरा रोडला मंडळात ब्रिज खेळायला जायचात. आज रविवारच आहे. दत्तात्रय आपटे तीनदा चिठ्ठी पाठवून थकला, चौथा गडी मिळत नाही म्हणून.

श्यामकांत : मंडळात राजकारण शिरलंय. मला सहन होत नाही.

प्रेमलता : राजकारण तुम्हीच नेलं होतंत तिकडे. गणपतीच्या हिशेबावरून.

श्यामकांत : शिवाय गुडघा आहे. केळीच्या सालीवरून घसरलो तेव्हापासून.

प्रेमलता : साल कुठली? कोपऱ्यावरचा पानवाला तुम्हाला धरून घेऊन आला, त्यानं मला जिन्यातच सगळं सांगितलं. तासभर उभे होतात. चार ट्रामी सोडल्यात. पाचवीचा दांडा धरलात आणि हात सुटला.

श्यामकांत : तुला तेव्हापासून माहीत आहे?

प्रेमलता : आषाढापासून.

श्यामकांत : आणि बोलली नाहीस?

प्रेमलता : तुम्ही केळं म्हणालात, मी केळं धरून चालले. पुरुषमाणूस, लाज वाटत असेल म्हटलं.

श्यामकांत : लाज नाही गं. भीती वाटते. छत्तीस वर्षं याच ट्रामनं गेलो, पहिल्या वर्गाच्या डब्यात, पंख्याखाली. त्या दिवशी ती पोरं खांद्यावरून चढत होती माझ्या. हात सुटला तेव्हा मागचं चाक दिसलं मला. इतकं जवळ. तेव्हापासून गॅलरीतून नुसता खडखडाट ऐकला तरी कठडा घट्ट धरतो.

लीना : बाबा, हे आम्हाला सांगायचंत तरी.

श्यामकांत : काय सांगायचं? मला ट्राम चढता येत नाही? ती बायकांची ट्राम होती तोवर मी निर्धास्त होतो. ही नीट बसून जाते, उतरते. आज कळतं की ही चार महिने त्याच दांड्याला लोंबकळते. हिचा हात सुटला तर चारुदत्ताला मी काय लिहू? त्याचा अर्ज कोणाकडे करू?

लीना : माझा हात नाही सुटणार.

श्यामकांत : माझाही सुटणार नव्हता.

प्रेमलता : झालं. आता दोघंही मुळूमुळू रडा. मटार मी एकटीच सोलते.

लीना : बाबा, तुम्ही उभे कुठे होतात त्या दिवशी?

श्यामकांत : कुठे म्हणजे? थांब्यावर. पाटीखाली. नियमाप्रमाणे.

लीना : तिथेच चुकलं. पाटीखाली ती भरून येते. तिथे फक्त नवखी माणसं उभी राहतात. मी आता उलटी चालत जाते, शेवटच्या थांब्याकडे, सहा मिनिटं. तिथे गाडी रिकामी होते आणि दोन मिनिटं थांबते. ड्रायव्हर चहा पितो.

श्यामकांत : आणि हे तुला कोणी सांगितलं?

लीना : मंडलबाबूंनी. ते आहेत खरोखरचे. साध्या ट्रामवर असतात.

श्यामकांत : घोष?

लीना : घोष खोटे.

प्रेमलता : तरी मी म्हणतेय, तिळगूळ खाऊन माणूस नाहीसा कसा झाला.

लीना : बाबा, या राजीनाम्याचं काय करू? चार ओळी झाल्यात.

श्यामकांत : तारीख घातलीस?

लीना : नाही.

श्यामकांत : सही?

लीना : नाही.

श्यामकांत : तारीख नाही, सही नाही. ऑडिटच्या दृष्टीनं तो कागदच नव्हे. मटाराची सालं गुंडाळायला दे.

प्रेमलता : दे इकडे. बरा मोठा आहे.

श्यामकांत : पण पायरीवर उभं राहायचं नाही. आत जागा नसेल तर पुढची धरायची. लेट मार्क लागला तर लागू दे.

लीना : लेट मार्क नको, बाबा. दहा मिनिटं आधी निघते.

श्यामकांत : हं. तेही चालेल.

प्रेमलता : आणि माझा बुधवार?

श्यामकांत : टाळ घरी ठेवून जात जा. देवाचे आहेत. लीना, आज दुपारी तुला काही काम आहे?

लीना : नाही, बाबा.

श्यामकांत : ब्रिजचा डाव दोनला मांडतात. एस्प्लनेडला गाडी बदलावी लागते. म्हणजे दोनदा चढायचं आलं.

लीना : दोनदा चढू. रविवारी गर्दी कमी असते. पहिली शेवटच्या थांब्यावरून धरू, दुसरीला मी असतेच. आणि गाडी हलायला लागली तर मंडलबाबू हात वर करून ओरडतात, 'आस्ते, लेडीज!' की ड्रायव्हर पार थांबवतो. मी आत जाऊन उभी राहीपर्यंत घंटी देत नाहीत.

श्यामकांत : पार थांबवतो?

लीना : पार.

श्यामकांत : आणि माझ्यासारख्याला बघून काय ओरडतात?

लीना : 'आस्ते, बुडो मानुष!' म्हातारा माणूस चढतोय, सांभाळून.

श्यामकांत : सगळ्या ट्रामसमोर?

लीना : चांगलं मोठ्यानं. ड्रायव्हरला ऐकू जायला हवं ना.

श्यामकांत : ते नको. तू पुढे हो. त्यांना 'लेडीज'च ओरडू दे. मी तुझ्या मागोमाग चढतो.