काळा धूर

आधी नुसता पेट्रोलचा वास आला. दादांच्या छातीत दुखत होतं म्हणून मी त्यांना आमच्या जुन्या गाडीतून लोह्याहून नांदेडला दवाखान्यात नेत होते. मग मागे काळा धूर दिसला आणि गाडी बंदच पडली. आमचे मिस्त्री रफिकचाचा फोन उचलेनात. शुक्रवार, नमाजची वेळ.

घाम पुसत दादा म्हणाले, "गाडी ठणठणीत हाय. सोयाबीनची धूळ जाऊ नये म्हून कालच हवेच्या फिल्टरला जाड फडकं बांधलंय म्या."

सातव्यांदा फोन लावला. "बोल बेटा."

मी रडत सगळं सांगितलं.

"अगं, इंजनात नुसतं पेट्रोल चाललंय, हवाच न्हाई. फडकं काढ पहिलं, मग रड."