आईंचे टाके

प्रदर्शनासाठी गोधड्या जमा करायच्या रांगेत माझ्यापुढे नणंद-भावजय उभ्या होत्या.

“वहिनी, अर्धी गोधडी आईनं शिवली होती ना? मग चिठ्ठीवर तिचंही नाव घाल.”

“नको गं.”

“का? अंथरुणाला खिळली तरी शेवटपर्यंत शिवत होती ती.”

“आईंचा हात थरथरायचा. टाके वेडेवाकडे पडले होते.”

“पडू देत की! दाखव बघू.”

“चारचौघांत बरं दिसणार नाही म्हणून परवा उसवले. पुन्हा मी घातले.”

“सगळे?”

“सगळे. शेवटचा उसवला, तेव्हा कळलं काय करून बसले ते.”

“दोरा तरी ठेवलास?”

“केरात गेला गं.”

“थांब, इथं जुन्या सुईची भोकं दिसतायत.”

“हो. एकदा धुतली की तीही बुजतील.”