दिसायला नवरदेव

नाही, मी म्हणतो, लाइट कशाला लागतात हो त्याला? गल्लीत हाळी द्यायचा स्पीकर तो, त्याला निळे लाइट, लाल लाइट, मधे एक जांभळी रिंग गरगर फिरतेय... कोणाला दाखवायची ती रिंग? मे महिना, जळगावचं ऊन, भर दुपारी बारा वाजता स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसत नाही, तिथं लाइट काय दिसणार डोंबल! पण इसाकभाईला ते दुकानात दिसले ना! एसी दुकान, मंद उजेड, काचेच्या कपाटात ते ध्यान चमकून राहिलं होतं, आणि तुम्हाला सांगतो, बावन्न वर्षांचा माणूस, तीन लेकरांचा बाप, लग्नासाठी मुलगी पाहावी तसा पाहत उभा राहिला. कारण दिसायला? दिसायला नवरदेव!

आता इसाकभाई म्हणजे कोण, ते आधी ऐका. माझ्या पंक्चरच्या दुकानामागे राहतो. गॅसची शेगडी, कुकर, मिक्सर, काहीही द्या, रस्त्यावर फतकल मारून बसेल आणि दहा मिनिटांत चालू करून देईल. मोपेडवर पेटी बांधायची आणि हायवेपलीकडच्या कॉलन्यांमधून हाळी देत फिरायचं, अठरा वर्षं झाली. आणि हाळी कशी? "गॅऽऽस शेगडी! कुकऽऽर! मिक्सऽऽर! मिस्त्रीऽऽ!" शेवटच्या 'मिस्त्री'ला तर चौथ्या मजल्यावरची बाई हातातलं लाटणं टाकून गॅलरीत यायची. आवाज होता भाऊ, आवाज!

तोच गेला. म्हणजे आधी घोगरा झाला, मग चिरका झाला, मग एक दिवस "मिस्त्री" म्हणायला तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. हसीनाबीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, हाताला धरून डॉक्टरकडे नेला. डॉक्टरनं नाकातून नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, "स्वरयंत्राला सूज आहे. तीन महिने कुजबुजीपलीकडे बोलायचं नाही. ओरडलात तर आवाज जाईल, कायमचा." इसाकभाईनं खुणेनं विचारलं, धंदा? डॉक्टर म्हणाले, "मशीन घ्या एखादं. आजकाल सगळे घेतात."

झालं! घेतलं मशीन!

मी जातीनं सोबत होतो, म्हणून सांगतो. आम्ही तिघं, इसाकभाई, हसीनाबी आणि मी, मार्केटमधल्या एका दुकानात. काउंटरवरचा तो पोरगेला सेल्समन, केसाला जेल, गळ्यात हेडफोन, आम्हाला पाहिल्याबरोबर म्हणतो, "काका, बेस बघा, बेस!" आणि लावलं की गाणं. धूम धूम धूम! काउंटरची काच थरथरायला लागली, माझ्या छातीत कळ आल्यासारखं झालं. इसाकभाईच्या तोंडावर हे एवढं हसू! हसीनाबी म्हणाली, "अजी, गाना कायकू सुनते? तुम क्या गाना बेचते? बात सुनाव इसमें बात!" बरोबर बोलली का नाही बाई? आता तुम्हीच सांगा! पण सेल्समन म्हणतो, "मावशी, ज्यात गाणं इतकं भारी वाजतं त्यात बोलणं काय चीज आहे?" म्हणजे ज्याला तबला येतो त्याला भाषण येणारच, असं झालं हे!

हसीनाबीनं वर बोट दाखवलं. सगळ्यात वरच्या फळीवर, धूळ खात, एक राखाडी भोंगा पडला होता. साधा. पत्र्याचा. गळ्यात अडकवायला पट्टा. "वो दिखाव." इसाकभाईनं हात पुढे केलासुद्धा होता हो! तेवढ्यात तो जेलवाला म्हणाला, "ते? ते भंगारवाले नेतात, मावशी. तुम्हाला काय करायचं ते?"

संपलं. इसाकभाईनं हात असा मागे घेतला, जसा तव्याला लागला. कारण तुम्हाला सांगतो, या माणसाचा सगळा मान त्या एका शब्दात आहे... मिस्त्री. कोणी "ओ शेगडीवाले" म्हटलं तर तो वळून पाहत नाही. तो भंगारवाल्याचा भोंगा गळ्यात घालेल? आणि गंमत बघा, हाच इसाकभाई गल्लीगल्लीत बायकांना झापत फिरतो. काचेची शेगडी दिसली की सुरू, "ताई, काच पाहून घेतली ना? बर्नर पाहिला होता का? काचेवर पोळी भाजणार का तुम्ही?" अठरा वर्षं दुसऱ्यांना शिकवलं! आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा? बॉक्सवरच्या चकचकीत चित्रावर हात फिरवत मला खुणेनं विचारतो, कसा आहे? मी काय सांगणार? दिसायला नवरदेव!

घरी आणला. आता आवाज भरायचा होता त्यात. डॉक्टरला पोरीकडून फोन लावला, मिसबाह, बी.कॉम.ला आहे, हुशार. "डॉक्टरसाहेब, अब्बाला एकदाच ओरडू द्या, रेकॉर्ड करायचंय." डॉक्टर म्हणाले, एकदा. एकदाच. मग सगळं घर गप्प. पंखा बंद, नळ बंद, शेजारच्यांना सांगून त्यांची पिठाची चक्की बंद. मिसबाहनं मोबाइल धरला, इसाकभाई खोलीच्या मधोमध उभा राहिला, डोळे मिटले आणि होता नव्हता तेवढा सगळा आवाज काढला. "गॅऽऽस शेगडी! कुकऽऽर! मिक्सऽऽर! मिस्त्रीऽऽ!" तुम्हाला खोटं वाटेल, मी बाहेर ट्यूब घासत होतो, माझ्या हातावर काटा आला. हसीनाबी तोंडाला पदर लावून आत निघून गेली. ओरडून झाल्यावर माणूस मटकन खाली बसला आणि बोटानं विचारलं, आलं का? आलं होतं. एकदम स्पष्ट आलं होतं.

मोबाइलमध्ये!

स्पीकरमध्ये घातलं तर काय व्हावं? धूम... धूऽऽम... धूम... रीऽऽ! अहो, बेस! सगळा बेस! त्याला गाणी वाजवायची सवय, त्याला ओरडणं झेपेना. एवढ्या जिवावर काढलेला आवाज, त्याचं पार पिठलं करून टाकलं. मिसबाह म्हणाली, "अब्बा, समझमें नहीं आ रहा." इसाकभाईनं हातानं सांगितलं, घर छोटं आहे म्हणून घुमतोय, बाहेर मोकळ्यावर मोकळा होईल. स्वतःची समजूत माणूस कशी घालतो पहा! आणि मोपेडच्या हँडलला रंगीत दोरीनं बांधून, पुसून बिसून, निघाला. दिसायला काय दिसत होता! नवरदेव!

पहिल्याच कॉलनीत काय झालं माहितीये? हा गल्लीत शिरला, धूम धूम सुरू, आणि पटापट, पटापट खिडक्या बंद! दारं बंद! एक बाई वाळत घातलेले पापड उचलून पळाली! अठरा वर्षांत ज्या आवाजाला दारं उघडायची, त्याला दारं बंद? का? तर सगळ्यांना वाटलं, डासांच्या धुराची गाडी आली! अशी तीन आठवडे त्यानं धुराची गाडी चालवली, ऐका तुम्ही. दिवसाला कुठं एक कुकर, कुठं एक मिक्सर. घरी हसीनाबी त्याला एक शब्द बोलली नाही हां... आजूबाजूच्या सगळ्या बायकांना बोलली.

आणि मग तो मंगळवार. हा मंगळवार इसाकभाई अजून विसरलेला नाही, मी पण नाही, कारण मी त्याच कॉलनीत एका गाडीचं पंक्चर काढायला गेलो होतो आणि दहा पावलांवर होतो.

एकच बाई बाहेर आली, सुगंधाबाई. मूळच्या नरडाण्याकडच्या, मुलगा दीपनगरला पॉवर हाऊसमध्ये, म्हणून इथं सुनेजवळ राहतात. सत्तरी गाठलेली, पण आवाज खणखणीत आणि बोली अस्सल अहिराणी. "काय शे रे हाई? धूरनी गाडी शे का तू शे?" इसाकभाईनं छातीवर हात ठेवला, मी, मी. "मंग बोलत काब्रं नही?" त्यानं गळ्याला हात लावला. त्यांनी कुकर पुढे केला, गॅस्केट गेलं होतं. हा बसला खाली, रेकॉर्डिंग थांबवलं, स्पीकर चालूच राहिला. बरं.

आणि वरच्या मजल्यावर त्यांच्या सूनबाई, ज्योत्स्नाताई. त्यांच्या घरीसुद्धा हाच स्पीकर! हाच! लाइटवाला, पोराच्या वाढदिवसाला घेतलेला. त्यांना फोन जोडायचा होता घरातल्या डब्याला, ब्लूटूथच्या यादीत नाव तेच, बोट लागलं इसाकभाईच्या डब्याला. खाली आमच्या स्पीकरमधून एक इंग्रज बाई बोलली, "कनेक्टेड!" आम्ही दचकलो. आणि मग ज्योत्स्नाताईंचा आवाज, धुळ्याच्या बहिणीला पाठवायला मोबाइलवर भरलेला निरोप, एकदा ऐकून पाहायला लावला आणि त्या आत गेलेल्या, आणि तुम्हाला सांगतो... स्पष्ट! एकेक अक्षर स्पष्ट! ज्या डबड्याला तीन आठवड्यांत 'कुकर' म्हणता आलं नाही, त्याला हळू आवाजातलं बोलणं असं झेपलं की काय विचारता!

"अगं ताई, काय सांगू आमच्या आईंचं! मी केलेल्या भाजीला म्हणतात पाणी झालं, आणि मी बाहेर गेले की तीच भाजी दोनदा वाढून घेतात! आणि गुडघे? गुडघे दुखतात म्हणून देवासमोरचा दिवा मी लावायचा, आणि रूपाच्या हळदीत पाऊण तास नाचल्या! पाऊण तास!"

बंद केलेल्या खिडक्या एकेक करून उघडल्या. सगळी कॉलनी गॅलरीत. अहो, तीन आठवड्यांत पहिल्यांदा! इसाकभाई बटणं दाबतोय, एक दाबलं तर लाइट बदलले, दुसरं दाबलं तर आवाज वाढला! सुगंधाबाई हातात कुकरचं झाकण धरून जागच्या जागी उभ्या. चेहरा असा की पाहवेना. आणि डब्यातून चालूच... "पण एक सांगू का ताई? गेल्या महिन्यात मी तापानं फणफणले होते ना, तेव्हा याच बाईनं..."

"पॉवर ऑफ!" इंग्रज बाई म्हणाली.

बॅटरी गेली! बारा तास चालणार होती, बारा! उन्हात दोन तासांत मान टाकली, आणि टाकली ती कुठं? नेमकं चांगलं बोलणं यायच्या तोंडावर!

मग काय, गल्ली पेटली. रोहिदासआप्पा, कॉलनीचे अध्यक्ष, बनियनवर खाली आले. "इसाक, बायकामाणसांचं बोलणं माइकवर लावतोस? लाज नाही वाटत? उद्यापासून या कॉलनीत पाय ठेवायचा नाही!" इसाकभाई उठला. गळ्याला हात लावतोय, वर बोट दाखवतोय, डब्याकडे दाखवतोय... कोण समजून घेतं? मी ओरडलो, "आप्पा, त्याचा गळा..." "तू गप रे, पंक्चरवाल्या!" आणि मी पाहिलं, इसाकभाईनं श्वास भरला. छाती फुगली. तो ओरडणार होता हो. तीन महिन्यांतलं महिनाभर पाळलेलं पथ्य, डॉक्टरचं बोलणं, कायमचा आवाज, सगळं एका हाळीत घालवणार होता, कारण अठरा वर्षं ज्या घरांच्या स्वयंपाकघरात बसून काम केलं तिथं त्याला कोणी असं म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात सुगंधाबाईंनी झाकण कुकरवर आपटलं. ठण्ण! "ओ आप्पा! बोलनी मनी सून, कान लाई ऐकं बठ्ठी गल्लीनी, अन् हाकली ऱ्हायनात याले? याना काय गुन्हा शे? हाऊ डबडाना गुन्हा शे! इसाक, तू बस. मना कुकर कर." बोलली सून, कान लावून ऐकलं सगळ्या गल्लीनं, मग याला का हाकलता? आप्पा आले तसे वर गेले. इसाकभाईनं भरलेला श्वास हळूच सोडला आणि खाली बसला. गॅस्केट बसवलं, झाकण फिरवून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी गेलो दुकानात, परत करायला. तो जेलवाला विचारतो, "लाइट लागतात ना? गाणं वाजतं ना? मग खराब काय आहे?" इसाकभाई कुजबुजला, "बोलता नहीं वो." "काका, तो गाण्याचाच आहे!" अरे, मग आधी... जाऊ द्या. मी बोललो असतो तर माझा पण गळा गेला असता. हसीनाबीनं पुन्हा वरच्या फळीकडे बोट दाखवलं. इसाकभाईनं या वेळी स्वतः स्टूल घेतलं, स्वतः चढला, स्वतः धूळ फुंकली. भोंगा घेतला. दिसायला? दिसायला कसला, नवरदेवाचा म्हातारा मामा! पण घरी आल्यावर मिसबाहनं तेच रेकॉर्डिंग घातलं आणि बटण दाबलं, तर "मिस्त्रीऽऽ" तीन गल्ल्या पार गेलं. हसीनाबी चुलीपुढून उठून दारात आली, इतके दिवस घरात न आलेला माणूस आल्यासारखी.

आता धंदा चांगला आहे. दारं उघडतात. गळा सुधारतोय, थोडं थोडं बोलतो. तो नवरदेव घरात शोकेसमध्ये बसलाय, विणलेला रुमाल पांघरून. म्हटलं चला, विषय मिटला.

कसला मिटतो! परवा पुन्हा त्याच कॉलनीत. सुगंधाबाई आल्या, आज कुकर ठणठणीत, तरी घेऊन आल्या. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, वर गॅलरीकडे पाहिलं, जवळ सरकून बसल्या. "इसाक, ते लाइटवालं डबडं कोठे शे रे?"

"घरी आहे मावशी. कशाला?"

"रविवारे लई ये. धुळानी बहीनले निरोप धाडस ती." आणि मग आवाज आणखी खाली, "ती 'याच बाईनं' म्हने अन् ते मरी गयं. पुढे काय बोलनी, ते ऐकानं राही गयं ना माले..."

पहा! एकदा जोडलेला फोन पुन्हा आपसूक जोडतो, हे म्हातारीला कोणी सांगितलं कोण जाणे! अख्ख्या जळगावात त्या डबड्याचं काम पाहून ते मागणारं गिऱ्हाईक निघालं, एकच, आणि ते हे! मी इसाकभाईकडे पाहिलं. मला वाटलं, आता हात जोडेल, कान धरेल, नको मावशी म्हणेल, पुन्हा आप्पा, पुन्हा ती गल्ली... त्यानं एक मोठा सुस्कारा सोडला, चांगल्या कुकरचं चांगलं गॅस्केट काढलं, पुसून परत बसवलं, आणि विचारलं, "रविवारी किती वाजता, मावशी? म्हणजे चार्ज करून आणतो."