सगुणाबाई उखाण्यात अडल्या

मंडळी, एक सांगा! माणूस विसरायला लागला, हे आधी कुणाला कळतं? त्याला, की घरच्यांना? विचार करा — पेटीवाले, तुम्ही नका करू, सूर जाईल!

तर ऐका! तांबट आळीत धोंडीराम तांबट. दिवसभर घागरी ठोकायचा. बायको सगुणाबाई. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण नवऱ्याचं नाव? छे! हाक एकच — "अहो!" अख्ख्या आळीत सात जण वळून बघायचे!

सुनेचं डोहाळजेवण होतं. बायकांचा गलका — "सासूबाई, उखाणा!" सगुणाबाई उठल्या. "तांब्याच्या घागरीवर ठोक्यांची नक्षी..." आणि थांबल्या.

"अगंबाई, लाजल्या!" हशा! टाळ्या!

स्वयंपाकघरात नवऱ्याला गाठलं आणि हळूच म्हणाल्या, "अहो... तुमचं नाव काय हो?"

धोंडीरामाच्या हातातलं ताट तिरकं झालं.

मग काय! शेजारीण म्हणाली, "ब्राह्मी द्या." व्याही म्हणाले, "अक्रोड द्या, मेंदूसारखाच दिसतो!" वा! मग माझ्या मेव्हण्याला बटाटा द्यायला हवा, हुबेहूब त्याचं डोकं! बाजारात एक चूर्णवाला ओरडत होता — "एकवीस दिवसांत पाळण्यातलं आठवेल!" धोंडीराम म्हणाला, "गेल्या साली तू केस उगवायचं तेल विकत होतास ना?" तो म्हणतो, "मला नाही बुवा आठवत!"

तरी घेतलं! हसू नका, आपणही घेतलं असतं. जीव अडकलेला असतो हो.

दोन महिने गेले. एक दिवस सगुणाबाईंनी चूर्णाची वाटी बाजूला सारली. "पुरे! मला डॉक्टरकडं न्या. मला भीती वाटतीय."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, कधीपासून?"

"दिवाळीच्याही आधीपासून."

धोंडीराम उडालाच! "बोलली का नाहीस?"

"कुणी विचारलं? नाव घ्यायचंच नसतं, तर विसरलं हे कळणार कुणाला?"

रक्त तपासलं. बी-ट्वेल्व्ह पार तळाला! बाई म्हणाल्या, "इंजेक्शनं सुरू करू. थोडं परत येईल, किती ते आज नाही सांगता येत. लवकर आला असतात तर बरं झालं असतं. अक्रोड खा खुशाल, पण तपासणीऐवजी नको."

दवाखान्याच्या पायरीवर धोंडीराम म्हणाला, "माझं नाव धोंडीराम."

"धोंडीराम," त्या म्हणाल्या. भर रस्त्यात! पदर न सावरता!

"पुन्हा म्हण."

"धोंडीराम!"

मंडळी, घरात कुणी अडलं की आपण हसतो. काढा उकळतो. पण समोर बसून "कधीपासून गं?" एवढं विचारत नाही.

चला, आज्यांनो, आत्ता इथंच मालकांचं नाव घ्या, मोठ्यानं! शाब्बास! अजून एकदा! ...खांबापाशी बसलेल्या मावशी, तुमचा आवाज नाही आला. लाजताय ना?

टाळ थांबवा रे. काका, तुम्ही हसू नका, त्यांच्याजवळ जाऊन बसा.

मावशी... लाजताय ना?